हूक नसलेली गाडी

मोटारसायकलला हूक नसतो, ही गोष्ट मला ती घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्साइयुन मावशींच्या नाश्त्याच्या गाड्यापुढे उभा असताना कळली. एका हातात गरम सोयादुधाच्या पेल्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मुळ्याच्या वड्या आणि अंड्याच्या पोळ्या, आणि समोर माझी कोरी करकरीत, काळीभोर, सव्वाशे सीसीची, गिअरची गाडी. मी पिशवी घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. मग उलटी चक्कर मारली. पिशवी अडकवायला गाडीवर कुठे म्हणजे कुठे जागा नव्हती.

आमच्या ताइनान शहरात जन्माला न आलेल्या माणसाला यातलं दुःख कळायचं नाही. आमच्याकडे मूल रांगतं, चालतं आणि तिसऱ्या पायरीला स्कूटरवर बसतं. स्कूटरला पुढे गुडघ्यांच्या मध्ये एक हूक असतो आणि आमचा सगळा संसार त्या हुकाला लटकलेला असतो. सकाळचा नाश्ता, दुपारचा चहा, संध्याकाळची भाजी, रात्री सासूबाईंकडे पोचवायचं सूप. हुकाखाली पाय ठेवायला सपाट जागा असते, पण तिथे पाय सोडून सगळं ठेवतात. तांदळाचं पोतं ठेवतात, कुत्रा ठेवतात, बिघडलेला पंखा दुरुस्तीला नेताना ठेवतात, आणि फारच वेळ आली तर लहान मेहुणाही ठेवतात. सीटखाली रेनकोट आणि भाजीच्या पिशव्या. एवढं सगळं सोडून मी काय घेतलं होतं, तर दोन चाकं आणि मध्ये पेट्रोलची टाकी.

"सर, गॅसची एजन्सी घेतलीत की काय?" मावशींनी तव्यावरून मान वर न करता विचारलं.

हा टोमणाही समजून घ्यायला हवा. आमच्या भागात गिअरची गाडी चालवतो तो गॅसचा सिलिंडर पोचवणारा. बाकी सभ्य जग स्कूटरवर असतं. मी शाळेत भूगोल शिकवतो. माझ्याकडून या गल्लीला काही अपेक्षा आहेत.

"हौस म्हणून घेतली," मी म्हणालो.

"हौस," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी हा शब्द तव्यावरच्या अंड्यासारखा उलटून पाहिला. "या वयात?"

पिशवी हँडलला अडकवली आणि निघालो. पहिल्याच वळणावर हँडल वळलं, पिशवी टाकीवर आपटली, आणि माझ्या नव्या गाडीला पहिली आंघोळ घडली ती गरम, गोड सोयादुधाची. घरी पोचेपर्यंत माझी डावी मांडीही त्यात सहभागी झाली होती.

आता गाडी का घेतली, ते एकदा स्पष्ट सांगून टाकतो, कारण मला तेच सगळे विचारतात आणि उत्तर ऐकून गप्प होतात. मला ती हवी होती म्हणून घेतली. एवढंच. आजवर मी आयुष्यात जे जे विकत घेतलं त्याला काहीतरी कारण होतं. पाण्याचा फिल्टर घेतला तो पाण्यासाठी, ओल शोषणारं यंत्र घेतलं ते भिंतींसाठी. आईच्या पाठीसाठी मालिश करणारी खुर्ची घेतली, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. त्या दिवशी स्कूटरचं तेल बदलायला गेलो होतो. दुकानात ही उभी होती. दुकानदार म्हणाला, "बसून तर बघा." मी बसलो. दोन्ही गुडघ्यांनी टाकी धरली, आणि चौपन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदाच असं वाटलं की ही वस्तू कुणाच्याही उपयोगाची नाही आणि तरी ती माझी झाली पाहिजे.

माझी बायको बीशिया शहाणी आहे. ती नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "घे. पण यंदा तुझ्या नावावर नको."

आमच्याकडे प्रत्येक वर्षाचा एक देव असतो आणि दरवर्षी त्याचं काही लोकांशी वाकडं येतं. कुणाशी, ते जन्माच्या वर्षाच्या जनावरावरून ठरतं. यंदा त्याचं वाकडं होतं डुकरांशी. मी डुक्कर वर्षातला. बीशिया माझ्याच वर्गात होती, म्हणून तीही डुक्कर. अशा वर्षी डुकराने स्वतःच्या नावावर घर, गाडी, दुकान काही घेऊ नये. मी विज्ञानाच्या बाजूचा माणूस आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो, पण गाडी रस्त्यावर चालवणार आहेस, प्रयोगशाळेत नाही." राहिली आई. आई बैल वर्षातली, आणि बैलाचं यंदा उत्तम होतं. तिचं ओळखपत्र आणि सहीऐवजी उमटवायचा नावाचा शिक्का बिस्किटांच्या डब्यात माझ्याच कपाटात असतो, कारण तिची बँक आणि दवाखाना मीच बघतो. शिक्का उमटला आणि शहात्तर वर्षांची माझी आई एका मोटारसायकलची मालकीण झाली.

"आईला सांगायला हवं," मी म्हणालो.

"सांगू की, नंतर," बीशिया म्हणाली. आमच्या घरात ज्या ज्या गोष्टी नंतर सांगायच्या ठरल्या, त्यांतल्या बऱ्याच अजून सांगायच्या आहेत.

आई माडीवर राहते. पहिल्या दिवशी ती खाली आली, ओसरीखाली उभ्या गाडीकडे पाहून थांबली. तिच्याभोवती फिरली नाही, हात लावला नाही. फक्त म्हणाली, "आली का ही परत?"

"परत कसली, नवी आहे."

"नवी असेल. पण हीच."

माझ्या वडिलांकडे अशीच एक गाडी होती. मी लहान असताना ती विकली आणि त्यांनी मालाची छोटी व्हॅन घेतली. आई आत गेली आणि तिने मासा तळला. कढईत मासा सोडताना जेवढा आवाज होतो, त्याच्या चौपट आवाज झाला. जेवताना ती म्हणाली, "देऊन टाक परत."

"नाही देणार," मी म्हणालो.

बीशियाचे चॉपस्टिक भाताच्या वाटीवरच थांबले. माझ्या घरात मी आईला नाही म्हणण्याचा प्रघात नाही. कारल्याच्या बाबतीत एकदा म्हणालो होतो, तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि कारलं शेवटी खाल्लंच. पण या वेळी मी मागे हटणार नव्हतो. मी पुन्हा म्हणालो, "नाही देणार म्हणजे नाही." आईने माझ्या वाटीत माशाचा सगळ्यात काटेरी तुकडा ठेवला.

दुसऱ्या आघाडीवर वेंग काका होते. वाहतूक पोलिसातून निवृत्त झाल्यापासून ते आपल्या ओसरीत चहाचं सामान मांडून बसतात आणि गल्लीची वाहतूक बघतात. गल्लीतून बहुधा फक्त मांजर जातं, तेव्हा त्यांना बराच मोकळा वेळ असतो. त्यांनी खडूने आमच्या ओसरीच्या कडेला रेघ मारली आणि म्हणाले, "सर, तुमचं शेपूट बाहेर येतंय."

"माझं?"

"गाडीचं. स्कूटर बसते इथे, ही लांब आहे. आणि तुमचं लायसन स्कूटरवर काढलेलं, बरोबर? कायद्याने तुम्ही ही चालवू शकता. पण कायद्याने क्लच येत नसतो."

एवढं बोलून त्यांनी मला चहा दिला आणि क्लचवर व्याख्यान दिलं. क्लच म्हणजे बायकोशी बोलण्यासारखं असतं, एकदम सोडायचं नसतं, हळूहळू सोडायचं. काका आजन्म अविवाहित आहेत.

व्याख्यानाचा उपयोग झाला नाही, हे सगळ्या शहराला कळलं. आमच्याकडे मोठ्या चौकात दुचाकीला थेट डावीकडे वळता येत नाही. चौक ओलांडून सरळ जायचं, पलीकडे रस्त्यावर पांढऱ्या रंगाने एक चौकोन रंगवलेला असतो त्यात जाऊन उभं राहायचं, आणि तिथला दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं. हा चौकोन सगळ्या वाहनांच्या पुढे असतो. म्हणजे त्यात जो पहिला उभा राहतो, तो एखाद्या मिरवणुकीचा म्होरक्या असल्यासारखा सगळ्यांना दिसतो. त्या सकाळी तो म्होरक्या मी होतो.

दिवा हिरवा झाला. मी क्लच सोडला. गाडीने एक उसासा टाकला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा सोडला, पुन्हा उसासा. माझ्या दोन्ही बाजूंनी स्कूटरी पाण्यासारख्या वाहून गेल्या. मागे एक बस होती, ती वाहून जाऊ शकत नव्हती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि ते जास्त लागलं. तेवढ्यात आपल्या आईच्या मागे स्कूटरवर बसलेली माझ्याच आठवीच्या वर्गातली मुलगी शेजारून जाताना म्हणाली, "सर, उतरून ढकला." आणि गेली.

शाळेत पोचलो तेव्हा फळ्यावर नकाशा काढलेला होता. चौक, चौकोन, चौकोनात मी, आणि खाली नीट अक्षरात 'मृत ज्वालामुखी'. मी खडू घेतला, 'मृत' खोडलं आणि 'सुप्त' लिहिलं. मग त्याच धड्यावर पूर्ण तास घेतला आणि शेवटी चाचणी ठेवली. माणसाने अपमान सहन करावा, पण फुकट घालवू नये, असं माझं मत आहे.

मी चालवत राहिलो. रोज वेगळ्या चौकात बंद पाडली, म्हणजे एकाच बसवाल्याला त्रास नको. रेनकोट पाठीवरच्या पिशवीत, डबा रेनकोटात, नाश्ता दातांत. एकदा केळ्यांचा घड गळ्यात घालून आलो. वेंग काका म्हणाले, "सत्कार कुठे होता?" मी म्हणालो, "तुम्हाला बोलावलं नव्हतं." मला कुणी हटवू शकणार नाही, हे मी सगळ्यांना दाखवून देणार होतो.

आई वाद घालत नाही. ती व्यवस्था करते. एका संध्याकाळी घरी आलो तर कोपऱ्यावरच्या गॅसच्या दुकानाचा मालक आख्वेई माझ्या गाडीची मागची सीट थोपटत उभा होता. ओल्या कुत्र्याच्या पाठीवर थोपटावं तसं.

"मजबूत आहे," तो आईला म्हणाला. "काकू, दोन सिलिंडर आरामात बसतील."

मी ते चित्र डोळ्यांपुढे आणलं. ही गाडी आणि तिच्यावर दोन्हीकडून लटकणारे दोन सिलिंडर. "विकायची नाही," मी म्हणालो.

"ते आपण नाही ठरवायचं," आई म्हणाली. "पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सोळाव्या तिथीला, भूमीआजोबांना कौल लावते. हो म्हणाले तर ठेव. नाही म्हणाले तर आख्वेई घेऊन जाईल. मान्य आहे का?"

गल्लीच्या तोंडाशी आमचं छोटंसं देऊळ आहे, त्यात पांढऱ्या दाढीचे भूमीआजोबा हसतमुख बसलेले असतात. भूगोलाचा शिक्षक म्हणून देवांविषयी माझं काही अधिकृत मत नाही, पण जमिनीचं खातं त्यांच्याकडे आहे, तेव्हा आम्ही एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाही. आख्वेई माझ्याकडे बघत होता. वेंग काका चहा ओतायचे थांबले होते. "मान्य," मी म्हणालो. "लाव कौल. मी काय घाबरतो?"

घाबरत होतो. रात्रीचं जेवण झाल्यावर बीशियाला म्हणालो, "आईला नावाचं आता तरी सांगू या का?"

"आत्ता?" बीशिया म्हणाली. "आधी सोळावी तिथी होऊन जाऊ दे."

सोळाव्या तिथीला दुपारी देवळापुढे टेबलावर पेरू, संत्री, शेंगदाण्याच्या वड्या आणि बिस्किटांची पाकिटं मांडली होती. गाडी मी स्वतः ढकलत आणली, बंद पडायला नको म्हणून. आरशाला कुणीतरी लाल फडकं बांधलं होतं. ती घराची झालेली नव्हती, पण निदान सजली तरी होती. वेंग काका आले होते, त्साइयुन मावशी गाडा बंद करून आल्या होत्या. आख्वेई आला होता, आणि त्याने दोर आणला होता. देवळाची व्यवस्था बघणारे चुआनबाबा उदबत्त्या वाटत होते. त्यांचं वय देवाच्या आसपास असावं.

कौल लावायला दोन लाकडी तुकडे असतात, चंद्रकोरीच्या आकाराचे, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. देवाला आपलं नाव, गल्ली आणि प्रश्न सांगायचा आणि तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला की हो. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नाही. आणि दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसला, म्हणजे उत्तर दिलंच नाही. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीनदा हो लागतो.

आई गुडघ्यांवर बसली. "भूमीआजोबा, मी लिन आमान, याच गल्लीतली. माझा मुलगा शियाव देंगयू, वय चौपन्न, अक्कल त्या मानाने कमी. त्याने मोटारसायकल घेतली आहे. त्याची ही गाडी घरात ठेवावी का?"

तुकडे पडले. दोन्ही सपाट.

"हसले," मावशी म्हणाल्या.

"पुन्हा टाकते." पुन्हा दोन्ही सपाट.

"वहिनी, आजोबांना सीसी सांगितले नाहीत तुम्ही," वेंग काका म्हणाले. "त्यांना वाटत असेल मोठी आहे."

आईने सीसी सांगितले. आजोबा हसले. मावशींनी सुचवलं, "हेल्मेट घालेल म्हणावं." आईने हेल्मेटचं वचन माझ्या वतीने दिलं. आजोबा हसले. आख्वेईने सुचवलं की गाडी गॅसच्या कामी लावावी का असं विचारून बघावं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दोर पाठीमागे लपवला. तरी आईने तेही विचारलं, आणि आजोबा त्यालाही हसले. एव्हाना देवळापुढची मंडळीही हसायला लागली होती. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून.

मला विद्यार्थी हसतात, ते वयच तसं. सहकारी हसतात, त्यांना दुसरी करमणूक नाही. बसड्रायव्हर मनातल्या मनात हसतो. पण देव हसायची ही पहिलीच वेळ होती, आणि तीही एका बैठकीत इतक्या वेळा.

"हसू देत त्यांना," मी जरा मोठ्यानेच म्हणालो. "पोटभर हसू देत. मी गाडी ठेवणार आहे. हो म्हणाले तरी ठेवणार आणि हसले तरी ठेवणार."

देवासमोर असं कुणी बोलत नाही. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग होता तसं आणखीही काहीतरी होतं, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

चुआनबाबांनी उदबत्तीची राख झटकली. "ते तुला नाही हसत आहेत," ते म्हणाले. "प्रश्नात खोट असली की हसतात. मागे एकजण दुकान घेऊ का विचारत होता. हसताहेत, हसताहेत. शेवटी कळलं, पैसा मेव्हण्याचा. गाडी कुणाच्या नावावर आहे?"

मी बीशियाकडे पाहिलं. बीशिया एका पेरूकडे अशी बघत होती की जणू तो तिने पहिल्यांदाच पाहिला आहे.

"आईच्या," मी म्हणालो.

"कुठल्या आईच्या?" आई म्हणाली.

"तुझ्या. म्हणजे माझ्या. म्हणजे तूच."

आई गुडघ्यांवरच होती. तिने तुकडे मांडीवर ठेवले. "माझ्या नावावर मोटारसायकल आहे?"

"आई, आम्ही दोघं यंदा डुक्कर," बीशिया पेरूला उद्देशून म्हणाली. "आणि बैलाचं फार चांगलं होतं."

"म्हणजे दंडाची पावतीही वहिनींना येणार," वेंग काका म्हणाले. पोलीस निवृत्त झाला तरी पोलीस.

मी आईच्या तोंडून आता काय काय ऐकावं लागेल याची उजळणी करत होतो. सगळ्या गल्लीसमोर, देवासमोर, आख्वेईसमोर. माझं गाडीवर पाणी सोडून झालं होतं. पण आईने गाडीकडे पाहिलं, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, अगदी सावकाश. इतक्या दिवसांत तिने गाडीकडे असं पाहिलंच नव्हतं. मग ती पुन्हा देवाकडे वळली, तिने पाठ सरळ केली आणि झग्याच्या सुरकुत्या नीट केल्या.

"भूमीआजोबा, मी लिन आमान," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. "माझी एक मोटारसायकल आहे." इथे ती थांबली. "मी ती ठेवू का?"

एक सपाट, एक फुगीर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा एक तुकडा कडेवर गरगर फिरला, आईच्या गुडघ्याला लागला आणि फुगीर बाजू वर करून शांत पडला. दुसरा आधीच सपाट होता.

"झालं," चुआनबाबा म्हणाले आणि संत्री गोळा करायला लागले.

आख्वेईला परिस्थिती नीट समजली नव्हती. तो पुढे झाला, सीटवर हात ठेवला आणि म्हणाला, "काकू, मालकीण तुम्हीच निघालात तर उलट सोपं झालं. घेऊन जाऊ?"

"हात काढ," आई म्हणाली. "माझी गाडी आहे ती."

माझा जीव भांड्यात पडला, पण तो पुरता पडायच्या आतच आईने माझ्यापुढे तळहात धरला. "किल्ली." मी किल्ली दिली. तिने ती रुमालात बांधली आणि रुमाल कमरेच्या खिशात ठेवला. माझं युद्ध जिंकलं गेलं होतं आणि लूट दुसऱ्याच्या खिशात गेली होती. मी म्हणालो, "आई, मी चालवू शकतो ना पण?"

"विचारून," आई म्हणाली.

बाकीची मंडळी शेंगदाण्याच्या वड्यांकडे वळली. आई गाडीच्या मागच्या सीटपाशी उभी राहिली आणि तिथे बोट ठेवून मला म्हणाली, "तुझ्या बापाच्या मागे इथे मी दहा वर्षं बसले. तू म्हणतोस ना हूक नाही म्हणून? त्या गाडीलाही नव्हता. हूक मी होते. माशाच्या टोपल्या मी धरायच्या, तांदूळ मी धरायचे, तुला धरायचं. पावसात छत्री धरायची ती त्याच्या डोक्यावर. आणि जायचं कुठे, ते एकदा विचारलं नाही त्याने. वाईट नव्हता. पण विचारलं नाही." तिने बोट उचललं. "ती विकली त्या दिवशी मी सुटले. आणि तू ती परत घरात आणलीस, आणि तूही विचारलं नाहीस."

चौपन्न वर्षांत मला एकदा वाटलं की काहीतरी फक्त आपल्यासाठी घ्यावं, आणि त्यासाठी मी केवढा लढलो. तिला शहात्तर वर्षांत तेवढंही मिळालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या वडिलांचा रागही आला, आणि मग लक्षात आलं की राग त्यांच्यावर काढून मी फार स्वस्तात सुटत होतो.

"आई," मी म्हणालो, "कुठे जायचं?"

ती विचारात पडली. इतकी पडली की मावशी दोनदा येऊन सोयादुधाची पिशवी पुढे करून गेल्या. शेवटी आई म्हणाली, "समुद्राकडे. वाटेत कुठे थांबायचं नाही. काही विकत घ्यायचं नाही."

तिने आपलं जांभळं हेल्मेट आणवलं, रुमाल सोडून किल्ली मला दिली, मोजून दिल्यासारखी, आणि मागे दोन्हीकडे पाय टाकून बसली. वेंग काकांनी गल्लीची वाहतूक थांबवली, म्हणजे मांजर उचललं. मावशी तिसऱ्यांदा पिशवी घेऊन आल्या, "आमानताई, वाटेत प्या." आईने पिशवी घेतली, तिचे बंद रुंद केले आणि मागून माझ्या गळ्यात घातली.

त्या चौकोनात पुन्हा मीच सगळ्यांच्या पुढे होतो. मागे बस होती, आणि मी शपथेवर सांगतो, तीच बस होती. दिवा हिरवा झाला. मी डाव्या हाताने क्लच घट्ट धरला, आणि आईने माझ्या डाव्या खांद्यावर हलकेच थोपटलं. "थांब," ती इंजिनाचा आवाज ऐकत म्हणाली. "अजून नाही. हं. आता सोड." गाडी निघाली, उसासाबिसासा न टाकता, गुळगुळीत. पुढच्या गिअरला पुन्हा थाप, त्याच्या पुढच्याला पुन्हा. दहा वर्षं मागे बसून तिचा कान तयार झाला होता.

मिठागरांच्या रस्त्याला लागल्यावर वारा वाढला. छातीवर सोयादूध हिंदकळत होतं, निम्मं शर्टात गेलं होतं, आणि मला दोन्ही हात हँडलवर ठेवणं भाग होतं. लाल फडकं बांधलेल्या आरशात मी मागे पाहिलं. आईचे हात तिच्या मांड्यांवर होते, तळवे वर, रिकामे.

"आई, नीट धरून बस," मी ओरडून सांगितलं.

"पुष्कळ धरलं," आई म्हणाली. "आता तू धर."